खडबडीत कडेला खडबडीत सावली: व्हेक्टर चित्रात जांभ्याचा पोत कसा आणायचा

होडीचा आकार काढला, कडा मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवल्या, तपकिरी रंग भरला. इथपर्यंत बहुतेकांचं छान जमतं. मग होडीला गोलाई यावी म्हणून आत ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा भराव, टाकला जातो आणि चित्र तिथेच बिघडतं. कड सांगते की ही वस्तू हाताने घडवलेली आहे, आणि आतला रंग मात्र प्लास्टिकच्या बादलीसारखा गुळगुळीत. दोन वेगळ्या चित्रांतले तुकडे एकत्र आल्यासारखं दिसतं.

सुट्टीत वेंगुर्ल्याला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांची पहिली अडचण जवळजवळ नेहमी हीच असते, म्हणून हा लेख तेवढ्यापुरताच आहे. खडबडीत कडेच्या आकारात पोत, म्हणजे टेक्श्चर, आणि सावली अशी भरायची की कड आणि आतला भाग एकाच हातचे वाटतील. त्यासाठी लागणारा पोत विकत घ्यावा लागत नाही. कोकणात राहत असाल तर तो तुमच्या अंगणाच्या गडग्यावरच, म्हणजे जांभ्याच्या दगडी कुंपणावरच आहे.

व्हेक्टर चित्र म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांनी बनलेलं चित्र. त्यासाठी मी इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरून सांगते. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगेन. सरावाला एकच चित्र घेऊ: वाळूवर ओढून ठेवलेली होडी, मागे जांभ्याचा गडगा, बाजूला एक माड. होडी फुगीर, गडगा सपाट, माडाचं खोड गोल. सावलीचे तीन वेगळे धडे एकाच चित्रात मिळतात.

पहिली पायरी: ऊन कुठून येतंय ते ठरवा

रंगाला हात लावायच्या आधी हे ठरलंच पाहिजे. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे किनाऱ्यावरचं ऊन ओळखायला सोपं जातं. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या बाजूने वर येतो. तुम्ही समुद्राकडे तोंड करून उभे असाल तर ऊन पाठीमागून येतं आणि होडीची तुमच्याकडची बाजू उजळलेली दिसते. संध्याकाळी उलट. सूर्य समोर, समुद्रावर, आणि होडीची तुमच्याकडची बाजू जवळजवळ पूर्ण काळोखात, फक्त वरची कड सोनेरी. दुपारी सावली पोटाखाली गोळा होते आणि अंगावर फारशी उरत नाही. शिकताना मधली वेळ घ्या, सकाळी नऊच्या आसपासची, ऊन डाव्या खांद्यावरून आल्यासारखं. त्यात उजेड आणि सावली दोन्हींना पुरेशी जागा मिळते.

इंकस्केपमध्ये 'ऊन' नावाचा एक वेगळा लेअर करा, त्यात एक मोठा बाण काढा आणि लेअरला कुलूप लावा. चित्र पूर्ण होईपर्यंत तो बाण पुसायचा नाही. दोन तासांच्या कामानंतर डोळा विसरतो, बाण विसरत नाही.

तिरप्या उन्हाची ताकद बघायची असेल तर रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पं एकदा पाहून या. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. सड्याच्या जांभ्यात कोरलेले हे प्राणी आणि माणसं म्हणजे खडबडीत कडेचेच आकार. डोक्यावर सूर्य असताना त्या रेषा दगडात विरघळून जातात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं झालं की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि हत्ती उठून उभा राहतो. रेष तीच, दगड तोच. फरक उन्हाच्या कोनाचा.

दुसरी पायरी: कड

खडबडीत कड दोन तऱ्हांनी मिळते. एक, इंकस्केपची. पेन टूलने होडीचा साधा, स्वच्छ आकार काढा. 'पाथ' मेनूतून 'पाथ इफेक्ट्स' उघडा आणि 'रफन' निवडा. एकक मिलिमीटर ठेवा. एफोर पानावर होडी साधारण १५० मिलिमीटर लांब असेल तर तुकड्याची कमाल लांबी ६ ते ८ आणि आडवं-उभं सरकणं ०.४ ते ०.६ एवढं पुरतं. सरकणं वाढवत नेलं की होडीला करवतीचे दात येतात. इलस्ट्रेटरमध्ये हेच 'इफेक्ट' मेनूत, 'डिस्टॉर्ट अँड ट्रान्सफॉर्म'च्या आत आहे.

पण रफनची एक खोड लक्षात ठेवा. ते सगळीकडे सारखंच खडबडीत करतं. खरी कड तशी नसते. होडीच्या काठावर हात फिरवलात तर हातभर लाकूड गुळगुळीत लागतं, मग एकदम एक ढलपी निघालेली असते, मग पुन्हा शांत. म्हणून रफन लावून झालं की 'पाथ' मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, म्हणजे इफेक्ट कायमचा आकारात उतरेल. मग नोड टूल घेऊन काही ठिकाणचे नोड, म्हणजे रेषेला वळण देणारे बिंदू, पुसा आणि कड तिथे शांत होऊ द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यंत्राची कड हाताची व्हायला तेवढी मिनिटं लागतातच.

दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. काळा कागद हाताने फाडून किंवा बोथट कात्रीने कापून आकार करा, पांढऱ्या कागदावर ठेवा, फोटो काढा आणि त्याचा व्हेक्टर करा. तो कसा करायचा ते चौथ्या पायरीत येतंच. फाडलेल्या कागदाची कड कुठल्याही इफेक्टला साधत नाही.

तिसरी पायरी: गडग्यावरून पोत उचला

हा भाग सावकाश वाचा आणि प्रत्यक्ष करा. इथे केलेली मेहनत पुढच्या सगळ्या चित्रांना पुरते.

जांभा हा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कापता येतो, आणि हवेत उघडा राहिला की टणक होत जातो. त्यातल्या लोहाच्या गंजाने त्याला तो तांबडा रंग येतो. आपल्याला हवी आहेत ती त्याची भोकं: लहान-मोठी, कुठे दाट कुठे विरळ, आणि दोन भोकं कधी सारखी नाहीत.

पातळ कागद घ्या. न्यूजप्रिंट उत्तम, बटर पेपरही चालतो. जाड चित्रकलेचा कागद नको, त्याला दगडाची नक्षी जाणवतच नाही. काळा मेणाचा खडू घ्या आणि त्याचं वेष्टन काढून टाका. कोरडा चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, निवडा, त्यावरची माती ब्रशने झटका, कागद त्यावर ठेवा आणि कोणाला तरी दोन्ही बाजूंनी घट्ट धरायला सांगा. कागद हलला की नक्षी दुहेरी उठते. आता खडू आडवा धरून, टोकाने नाही तर अंगाने, एकाच दिशेने घासा. दगडाचा उंच भाग काळा उठेल, भोकं पांढरी राहतील.

सावलीसाठीची खरी युक्ती आता. कागदाच्या एका टोकाला खडूवर जोर द्या आणि दुसऱ्या टोकाकडे जाताना हात हळूहळू हलका करत न्या, शेवटी कागदाला खडू जेमतेम शिवेल इतका. एका बाजूला जवळजवळ भरीव काळं, मग विरळ होत जाणारे ठिपके, मग रिकामा कागद. हा तुमचा ग्रेडियंट. काळ्यातून पांढऱ्यात तोही जातो, पण गुळगुळीत नाही, दगडाच्या चालीने जातो. असे उतरते ठसे निदान पाच-सहा घ्या. शिवाय दोन-तीन ठसे सगळीकडे सारख्या जोराचे घ्या, ते सपाट भिंतीला लागतात. हाताएवढा तुकडा पुरे.

चिरा कोणता निवडता यानेही फरक पडतो. हल्ली मशीनने कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या समांतर रेषा असतात, त्या ठशात स्पष्ट उमटतात. जुन्या, हाताने तासलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरके घाव दिसतात आणि तो ठसा फार देखणा येतो. जुन्या घराचा एखादा पडका गडगा आसपास असेल तर घरमालकाला विचारून तिथे जरूर जा.

माडाच्या खोडावरून ठसा घ्या, त्यात आडव्या खुणा येतात. गोणपाटावरून घ्या. उन्हात वाळून तडे गेलेल्या होडीच्या फळीवरून घ्या, होडीसाठी तोच लागेल. वाळूचा ठसा मात्र घासून नीट येत नाही. त्यासाठी जुना टूथब्रश पातळ केलेल्या काळ्या रंगात बुडवा आणि अंगठ्याने कागदावर शिंतोडे उडवा. मासेमारीच्या जाळ्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण त्याची वीण इतकी नियमित असते की ती पोत न वाटता नक्षीकाम वाटते, म्हणून मी ती टाळते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कातळशिल्पांवर, किल्ल्यांच्या तटावर, देवळाच्या दीपमाळेवर कागद ठेवून घासू नका. मेण दगडात राहतं, आणि घासण्याने झिजलेली रेष परत येत नाही. तो वारसा डोळ्यांनी बघायचा आहे. ठशासाठी तुमच्या अंगणातला चिरा पुरेसा आहे.

आणि हे काम पावसाळ्याआधी उरकून घ्या. जून ते सप्टेंबर आमच्याकडे दगडावर शेवाळ असतं, कागद कपाटातल्या कपाटात दमट होतो आणि खडू त्यावरून नुसता घसरतो.

चौथी पायरी: ठशाचा व्हेक्टर

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) करड्या रंगात स्कॅन करा. नसेल तर पडवीत, जिथे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी कागद सपाट ठेवा आणि फोन अगदी वरून, कागदाला समांतर धरून फोटो काढा. फ्लॅश नको. तो मेणावर चमकतो आणि मधोमध पांढरा डाग पडतो. फोटो गिंप या मोफत फोटो-सॉफ्टवेअरमध्ये उघडून 'लेव्हल्स'मध्ये काळं काळं आणि पांढरं पांढरं होईल इतपत ताणा.

आता फोटो इंकस्केपमध्ये आणा, निवडा आणि 'पाथ' मेनूतून 'ट्रेस बिटमॅप' उघडा. 'ब्राइटनेस कटऑफ' ठेवा. उंबरठा, म्हणजे 'थ्रेशोल्ड', सुरुवातीला ०.४५ असतो. तो वाढवला की जास्त भाग काळा धरला जातो, कमी केला की विरळ होतो. हलक्या हाताच्या ठशाला मी ०.५५ पर्यंत नेते. खाली 'स्पेकल्स' म्हणून आकडा आहे. तो १० ते २० केला की धुळीएवढे ठिपके गळून पडतात. हे महत्त्वाचं आहे, कारण दिसायला क्षुल्लक अशा त्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचे नोड असतात आणि हजारो ठिपक्यांनी लॅपटॉप गुदमरतो. ट्रेस झाल्यावर नोड टूलने सगळे नोड निवडले की खालच्या पट्टीत त्यांची संख्या दिसते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका तुकड्याला पाच हजारांच्या वर गेले की काम अडकायला लागतं. तुमच्या यंत्राची मर्यादा तुम्हाला पहिल्या दिवशीच कळेल.

नवा व्हेक्टर मूळ फोटोच्या बरोबर वर बसलेला असतो, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. वरचा बाजूला सरकवा, खालचा फोटो पुसा. या व्हेक्टरमध्ये फक्त काळा भाग आहे, पांढऱ्या जागी काहीच नाही, म्हणून खालच्या आकाराचा रंग भोकांतून वर दिसेल. इलस्ट्रेटरच्या 'इमेज ट्रेस'मध्ये पांढरा वगळण्याची खूण आठवणीने करावी लागते, नाहीतर पांढराही भरीव आकार बनून येतो.

पाचवी पायरी: पोत आकारात अडकवा

ठसा होडीवर ठेवला की तो कडेबाहेर सांडतो. तो कापू नका, क्लिप करा. आधी त्या आकारावर येणारे सगळे पोत-सावलीचे तुकडे एकत्र निवडून गट करा. मग होडीच्या आकाराची एक प्रत करून ती सगळ्यात वर आणा. प्रत आणि गट दोन्ही निवडून 'ऑब्जेक्ट' मेनूतल्या 'क्लिप'मधून 'सेट क्लिप' द्या. वरची प्रत दिसेनाशी होते आणि पोत होडीच्या खडबडीत कडेत बरोबर बसतो.

गट आधी करायला सांगितला त्याला कारण आहे. गटावर दोनदा क्लिक केलं की तुम्ही आत जाता आणि आतला ठसा हवा तसा सरकवता, फिरवता येतो, बाहेरची चौकट जागची हलत नाही. 'इंटरसेक्शन'ने कापलेला ठसा मात्र कायमचा कापला जातो, आणि सावली जरा डावीकडे हवी होती असं उद्या वाटलं तर सगळं पहिल्यापासून. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम 'क्लिपिंग मास्क' किंवा 'ड्रॉ इनसाइड' करतं.

सहावी पायरी: सावलीला रंग द्या, काळं नको

ठसा काळा आहे म्हणून काळाच ठेवू नका. काळ्या ठिपक्यांनी वस्तू मळलेली दिसते, सावलीत आहे असं वाटत नाही.

गडग्याचा रंग धरू: लाल १६८, हिरवा ८४, निळा ५२ (प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला). बरेच जण सावलीसाठी वर मधला करडा ठेवून 'मल्टिप्लाय' मोड देतात. मल्टिप्लाय दोन रंगांचे आकडे गुणून २५५ ने भागतो. करडा १२८ असेल तर तिन्ही आकडे निम्मे होऊन ८४, ४२, २६ उरतात. रंग तोच, फक्त विझलेला. आता खऱ्या गडग्याची सावली नऊ वाजता जवळ जाऊन बघा. तिथे ऊन नाही, पण मोकळ्या आभाळाचा उजेड आहे, म्हणून सावलीत निळसर-जांभळी झाक असते. मी तिथे १०८, ४६, ४४ घेते. आधी निळा लालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत होता, आता तो चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला. तेवढ्याने सावली जिवंत होते. उन्हाच्या बाजूला २१४, १४२, ९६.

मल्टिप्लाय वाईट नाही, पण नव्याने शिकताना रंग स्वतः निवडायची सवय लावा. दुसरं कारण छपाईचं. एका घरगुती निवासाच्या फलकाचं चित्र मी मल्टिप्लाय वापरून केलं होतं. छापून आलं तेव्हा सगळ्या सावल्या भरीव, अपारदर्शक ठिगळं झाल्या होत्या, कारण तिकडच्या सॉफ्टवेअरने तो मोड वाचलाच नव्हता. साधा भरीव रंग सगळीकडे सारखाच उघडतो.

सातवी पायरी: पोत वळणावर ठेवा

पूर्ण उन्हातल्या भागात पोत फार दिसत नाही, उजेड तो धुऊन टाकतो. गडद सावलीतही दिसत नाही, काळोख गिळतो. पोत खरा दिसतो तो उजेड संपून सावली सुरू होते त्या वळणावर, कारण तिथे ऊन पृष्ठभागाला घासत जातं आणि प्रत्येक उंचवटा आपली बारीक सावली टाकतो. नवशिके ठसा सगळ्या आकारावर सारखा पसरतात आणि म्हणून वस्तू सपाट राहते. ठसा वळणाच्या पट्ट्यावर ठेवा, वस्तू आपोआप फुगते.

होडीवर ते असं करायचं. पेन्सिल टूल घ्या, त्याचं 'स्मूदिंग' कमी ठेवा आणि होडीच्या पोटाखालच्या, उन्हाविरुद्धच्या बाजूला सावलीचा एक मोठा आकार एका दमात काढा. त्याची वरची कड होडीच्या काठाला समांतर नको. जिथे होडी जास्त फुगीर आहे तिथे सावली खाली उतरू द्या, टोकांकडे वर चढू द्या. यात सावलीचा भरीव रंग भरा. मग फळीचा उतरता ठसा घ्या, त्याला अगदी तोच सावलीचा रंग द्या आणि असा फिरवा की त्याची दाट बाजू सावलीत बुडेल आणि विरळ बाजू उन्हाकडे जाईल. रंग एकच असल्यामुळे ठसा कुठे सुरू झाला ते कळत नाही, सावलीच फुटत फुटत उजेडात विरते. लांब होडीला दोन-तीन ठसे शेजारी लावावे लागतील. त्यांची टोकं एकमेकांवर थोडी चढवा.

नंतर उजेड. वरच्या काठाजवळ, बाणाच्या बाजूला, उजळ रंगाचा ठसा अगदी थोडा. आणि पोटाच्या तळाशी एक गोष्ट जरूर बघा: उन्हातल्या वाळूचा उजेड उलटून होडीच्या पोटावर पडतो, म्हणून सावलीची सगळ्यात खालची पट्टी किंचित उजळ असते. सावलीच्या आत तेवढी अरुंद पट्टी जराशा फिकट रंगाने दिलीत की होडी वाळूवर टेकलेली वाटते. जिथे लाकूड वाळूला प्रत्यक्ष चिकटतं तिथे मात्र सगळ्यात गडद बारीक रेष. वाळूवर पडलेली सावली सपाट ठेवा, तिच्यात पोत नको, नाहीतर वाळू आणि होडी एकाच मालाची दिसतात.

गडगा सपाट असल्याने तिथे वळण नाही, सांधे आहेत. चिऱ्यांसाठी मूळ रंगाच्या तीन जवळजवळच्या छटा घ्या आणि क्रम न पाळता वाटा. सारख्या जोराचा ठसा विरळ करून सगळ्या भिंतीवर एकदाच टाका. एकेका चिऱ्याला वेगळा ठसा लावत बसलात तर भिंत फरशीसारखी दिसते. सावली सांध्यांत आणि वरच्या थराच्या पुढे आलेल्या कडेखाली. प्रत्येक चिऱ्याभोवती चौकट मात्र काढू नका. काही सांधे उन्हात हरवू द्या, डोळा ते स्वतः जोडतो.

माडाचं खोड गोल, म्हणून सावली उभ्या पट्ट्यात, उन्हाविरुद्धच्या बाजूला, आणि वळणाचा ठसा तिच्या कडेने. खोडावरच्या आडव्या खुणा सरळ रेषांनी काढू नका. डोळ्यांच्या पातळीच्या खाली त्या खालच्या बाजूला झुकलेल्या कमानी असतात आणि वर वर जाताना उलट्या, वरच्या बाजूला फुगलेल्या होतात. सावलीकडे त्या जाड, उन्हाकडे जाताना बारीक होऊन संपतात. झावळ्यांना पोत देऊच नका, दोन हिरव्या छटा पुरतात.

वाळूसाठी शिंतोड्यांतले पाच-सहा वेगवेगळे ठिपके निवडा आणि 'स्प्रे टूल'ने क्लोन म्हणून फवारा. आकार आणि फिरणं दोन्हींना थोडा बदल द्या. क्लोन असल्यामुळे मूळ ठिपक्याचा रंग बदलला की सगळी वाळू बदलते. होडीजवळ दाट, दूर जाताना लहान आणि विरळ.

आठवी पायरी: काढून टाका

चित्र २५ टक्क्यांवर आणून डोळे किलकिले करा. होडी, गडगा, माड वेगवेगळे कळतात का? नसतील तर पोत जास्त झालाय. माझा अंदाज असा की प्रत्येक आकाराचा निदान तिसरा हिस्सा कोरा राहिला पाहिजे. तो ठेवायला जड जातं, विशेषतः ठसा देखणा आला असेल तेव्हा, पण कोऱ्या जागेशिवाय पोत दिसत नाही.

दोन चुका याच वेळी पकडा. एक, तेच भोक दोनदा दिसणं. ठसा फिरवा किंवा उलटवा, एच आणि व्ही या कळांनी उलटतो. पण उतरता ठसा उलटवला तर त्याची दाट बाजू बाणाच्या दिशेला तर गेली नाही ना, ते तपासा. दुसरी, मोठा करून वापरलेला ठसा. होडीवर बोटाएवढी भोकं आणि शेजारच्या गडग्यावर मोहरीएवढी, असं झालं की चित्रातलं अंतर मोडतं. दूरच्या वस्तूंना लहान आणि फिकट ठसा, जवळच्यांना मोठा.

नववी पायरी: जतन आणि छपाई

मूळ फाइल एसव्हीजी ठेवा. छपाईसाठी ३०० डीपीआयला पीएनजी काढा. उभं एफोर पान २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं. टीशर्टवर स्क्रीन छपाई करायची असेल तर बारीक ठिपके आधीच काढून टाका, कापडावर ते शाईने भरून जातात किंवा उमटतच नाहीत. एक प्रत साध्या प्रिंटरवर छापून भिंतीला लावा आणि दहा पावलांवरून बघा. पडद्यावर न दिसलेली चूक तिथे दिसते.

ठशांची वेगळी फाइल ठेवा आणि प्रत्येकाला जागेचं आणि ठशाच्या जातीचं नाव द्या: 'विहिरीकडचा गडगा, उतरता', 'जुनी होडी, डावी फळी', 'गोणपाट, सारखा'. मूळ कागदही टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या मध्ये सपाट ठेवा म्हणजे पावसाळ्यात ते एकमेकांना चिकटत नाहीत.